थकीत पुस्तकं

वाचनालयाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. मोजदाद, लेखापरीक्षण, वार्षिक अहवाल, सगळं तेव्हाच होतं. तरी डिसेंबर सरत आला की माझा हात देवघेवीचं रजिस्टर मागे उलटायला लागतो. कोणी काय नेलं, कधी आणून दिलं, कोणाच्या नावापुढची जागा रिकामी राहिली. गेली १४ वर्षं सरत्या वर्षाकडे मी असंच बघत आले. २०२५ हे वर्षही याच रजिस्टरमधून लिहिते आहे. पाणी ओसरलं तेव्हा वाचनालयाच्या कागदपत्रांपैकी एवढी एकच वही कोरडी राहिली होती.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, सीना नदीच्या काठावरचं. वाचनालय वेशीजवळच्या जुन्या दगडी इमारतीत आहे, दोन खोल्या आणि मागे एक लांबट अभ्यासिका. शासनाच्या अ, ब, क, ड या चार वर्गांपैकी आम्ही 'क'. ग्रंथपाल मी. सकाळी कुलूप काढणं, झाडणं, वर्तमानपत्रं काठीला लावणं, पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवणं आणि संध्याकाळी दिवे मालवणं हेही माझ्याकडेच. या कामाला गावात कोणी फारसं काम समजत नाही. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून आवडलं आणि अजून आवडतं.

वर्षाची सुरुवात अभ्यासिकेतल्या उशिरापर्यंतच्या दिव्यांनी झाली. लेकीची बारावी होती. तिच्यासारख्या आणखी नऊ-दहा मुली अभ्यासिकेत बसायच्या, रात्री साडेनऊला त्यांचे वडील किंवा भाऊ न्यायला यायचे. ५ मेला निकाल लागला, ऑगस्टमध्ये ती पुण्याला गेली. त्याबद्दल जास्त लिहिता येणार नाही. अजूनही संध्याकाळी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे नजर जाते.

फेब्रुवारीत दिल्लीला ९८वं साहित्य संमेलन झालं आणि अध्यक्षपदी ताराबाई भवाळकर होत्या. मला त्याचा जो आनंद झाला तो सांगूनही कोणाला पटेना. लोकसाहित्य, जात्यावरच्या ओव्या, बाईच्या तोंडची भाषा यावर आयुष्य घालवलेली सांगलीची बाई, आणि १८७८ सालापासूनच्या या संमेलनाच्या इतिहासात केवळ सहावी महिला अध्यक्ष. भाषण टीव्हीवर ऐकलं. शेजारी अत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "ही बाई आपलंच सांगती की गं."

दुसऱ्या दिवशी मी २०० पानी वही आणली आणि त्यांच्या ओव्या उतरवायला सुरुवात केली. अत्या ७८ वर्षांच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. जातं घरातून जाऊन ३० वर्षं झाली. पण ओवी नुसती बोलून दाखव म्हटलं की त्यांना जमेना. हात फिरल्याशिवाय शब्द येईनात. शेवटी पाटावर उलटी वाटी ठेवली, ती त्या गोल गोल फिरवू लागल्या, आणि मग एकामागून एक. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, न जगलेलं एक लेकरू. मी जेल पेनाने भराभर लिहीत होते. मेपर्यंत १४० ओव्या झाल्या. वही वाचनालयाच्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवत असे, दुपारी गर्दी नसताना शुद्धलेखन नीट करावं म्हणून.

२० मेला जयंत नारळीकर गेले. सकाळी वर्तमानपत्रं यायच्या आधीच मोबाईलवर बातमी आली. मी त्यांची वाचनालयातली सगळी पुस्तकं काढून दाराजवळच्या टेबलावर मांडली आणि एका कागदावर त्यांची एक गोष्ट लिहून भिंतीला लावली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. नावाकडे बघून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ही गोष्ट मी वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते. दुसऱ्या दिवशी मळ्याच्या वस्तीवरचा नववीत जाणारा एक मुलगा आला, कागदासमोर बराच वेळ उभा राहिला आणि विज्ञानकथांचं एक पुस्तक घेऊन गेला. रजिस्टरमध्ये नोंद आहे : २१ मे, मुदत १५ दिवस.

त्याच आठवड्यात पाऊस लागला. रोहिणी नक्षत्र निघायच्या आधीच. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याची बातमी आली तेव्हा आमच्याकडे शेतात उभं राहता येत नव्हतं. आमचा भाग पावसाची वाट बघणारा. मे महिन्यात सीनेच्या पात्रातून पोरं क्रिकेट खेळतात. त्यामुळे सुरुवातीला सगळे खूषच होते. मालक, म्हणजे माझे यजमान, तेवढे म्हणाले, "आधी आलेला पाहुणा लवकर जात नाही." ते शेतकरी आहेत, त्यांचं ऐकायला हवं होतं.

जूनमध्ये वर्तमानपत्राच्या टेबलावर रोज वाद. पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी. २९ जूनला शासनाने तिसऱ्या भाषेबद्दलचे आपले निर्णय मागे घेतले आणि वाद थांबला. निर्णय मागे गेला याचं मला समाधान वाटलं. पण त्या वादातले बहुतेक जण मुलांच्या कपाटाशी कधी आलेले नव्हते, हेही मनात राहिलं. पोरगं पुस्तक घरी घेऊन जातं की नाही, हे रजिस्टर मला रोज सांगतं. जुलैमध्ये आपल्या किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्याकडचे तीन पट दिवसभर अडकून राहू लागले. चांगले दिवस होते.

माझी डोकेदुखी एकच होती, थकीत पुस्तकं. पावसाने पोरं शेतात अडकली, वस्त्यांचे रस्ते चिखलाचे झाले, पुस्तकं परत येईनात. मी चिठ्ठ्या पाठवल्या. पहिल्या गोड, दुसऱ्या कडक : "पुस्तक त्वरित जमा करावे, अन्यथा किंमत भरून घेण्यात येईल." २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. संध्याकाळी लवकर कुलूप लावलं आणि थकीतांची यादी रात्री घरी बसून करावी म्हणून देवघेवीचं रजिस्टर पिशवीत टाकून नेलं.

त्या रात्री सीना आली.

वर कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून पाणी सुटत होतं आणि खाली आकाश फाटलेलं. आमचं घर चढावर, गावठाणात, तिथे पाणी आलं नाही. पहाटे बाहेर पाहिलं तर वेशीची कमान पाण्यात अर्धी बुडालेली, आणि तिच्या पलीकडे ऊस नाही, रस्ता नाही, काही नाही, नुसतं मातकट पाणी चाललेलं. आवाज मात्र फारसा नव्हता. मला वाटायचं पूर गर्जत येतो. घटाच्या मातीत काल पेरलेलं धान्य अजून उगवलंही नव्हतं आणि आमची सहा एकर, तुरीसकट, वरच्या मातीसकट निघून गेली होती.

वाचनालयात जाता आलं ते तीन दिवसांनी. दार फुगून चौकटीत बसलेलं, चौघांनी खांदा दिला तेव्हा उघडलं. भिंतीवर चार फुटांवर गाळाची सरळ रेघ. पहिल्यांदा मी पुस्तकांकडे पाहिलंच नाही, त्या रेघेकडेच बघत राहिले. इतकी सरळ, जणू कोणी पट्टी लावून ओढावी.

ओल्या पुस्तकांबद्दल एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. ती फुगतात. कपाटात दाटीने लावलेली पुस्तकं पाणी पिऊन इतकी फुगली होती की एकही ओढून निघेना. लोखंडी कपाटाचे पत्रे बाहेर वाकले होते. शेवटी कडेचे बोल्ट काढून बाजूचा पत्रा सोडवला, तेव्हा एक पूर्ण ओळ अखंड विटेसारखी बाहेर आली. हातात घेतलं की पुस्तक तान्ह्या मुलाएवढं जड लागायचं. खालचे तीन कप्पे गेले होते. खाली मी काय ठेवते? वजनदार असतात म्हणून विश्वकोशाचे खंड. आणि पोरांचा हात पोचावा म्हणून मुलांची सगळी पुस्तकं. ५४० पुस्तकं. त्यांच्या उंचीचा विचार करून मीच ती खाली आणली होती.

सोलापूरच्या एका निवृत्त ग्रंथपालांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. ओली पानं जबरदस्तीने सोडवू नकोस, फाटतील. साध्या कागदाचं पुस्तक वाळल्यावर सुटतं, पण गुळगुळीत आर्ट पेपरची पानं ओली असतानाच वेगळी कर, एकदा वाळली की कायमची चिकटली. दोन दिवसांत बुरशी धरते, तिच्याशी तुझी शर्यत आहे. ज्यांना अजून धरली नाही आणि ज्यांच्याकडे आत्ता बघायला वेळ नाही ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गोठव. थंडीत बुरशी थांबते. नंतर सवडीने काढून वाळवता येतात.

गोठवायची कुठे? हायवेवरच्या आइस्क्रीमच्या दुकानदाराने त्याचा डीप फ्रीजर रिकामा करून दिला. दीड महिना आमची ४३ पुस्तकं तिथे कुल्फीच्या जागेवर होती. बाकीचा संसार शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये हलवला, आणि ते बरं झालं, कारण पाच-सहा दिवसांत पाणी पुन्हा वाढलं. टॉवेलच्या कारखान्यात कामाला जाणारी आमची एक वाचक सोलापूरहून सेकंडच्या टॉवेलचं गाठोडं घेऊन आली. टेरी टॉवेलइतकं पाणी दुसरं काही शोषत नाही. एका छापखान्याने कोऱ्या न्यूजप्रिंटचे ताव दिले. दर १५-२० पानांत एक ताव, तासाभराने ओला झाला की काढायचा, दुसरा घालायचा. पुस्तक उभं करायचं, पानं पंख्यासारखी पसरायची, वर खरोखरचा पंखा. नवरात्राचे उपास धरलेल्या बाया साबुदाण्याचा डबा घेऊन यायच्या आणि दिवसभर ताव बदलायच्या. त्यातल्या कित्येकींच्या स्वतःच्या घरात गुडघाभर गाळ होता. तो उपसून त्या इकडे यायच्या.

पहिल्या दिवशी मी घाईने काही पुस्तकं गच्चीत उन्हाला टाकली. अत्यांनी पाहिलं. त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच आल्या होत्या, जन्मात पहिल्यांदाच एवढी पुस्तकं बघत होत्या. म्हणाल्या, "उडदाचं पापड आपण सावलीत वाळवतो का न्हाई? उन्हात टाकलं की वाकडं हुत्यात." ग्रंथपालांनीही सावलीच सांगितली होती, माझ्या डोक्यातून गेली होती. तिथून पुढे हॉलचा ताबा अत्यांकडे. कोणतं पुस्तक उलटायचं, कोणतं अजून "कच्चं" आहे, हे त्या पानाच्या कोपऱ्याला अंगठा लावून सांगायच्या. त्यांचा अंगठा चुकला नाही.

दसऱ्याचा दुसरा दिवस ३ ऑक्टोबर. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याला एक वर्ष झालं होतं आणि त्या निमित्ताने सगळीकडे सप्ताह सुरू होता. आम्हीही जानेवारीत ठरवलं होतं, ग्रंथदिंडी काढायची, लेझीम लावायची. त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये दोऱ्यांवर चिमट्यांनी पानं टांगलेली होती, गाळाचा वास होता, आणि एक पोरगी टांगलेल्या सुट्या पानांवरची कविता मोठ्याने वाचत होती, पुढचं पान कुठल्या दोरीवर आहे ते शोधत. त्याहून मोठा कार्यक्रम मला करता आला नसता.

जो येई तो म्हणे, "बाई, तुकोबाची गाथा तरली, तुमची पुस्तकंबी तरतील." त्यांची माया मला कळत होती. पण रात्री झोप लागेना, कारण आकडा समोर होता. २,१४० पुस्तकं भिजली, त्यातली ७३० वाचली. उरलेल्यांची यादी करायची, पुढे 'निर्लेखन' लिहायचं. कार्यालयीन शब्द आहे, दाखल नोंदवहीतून नाव काढून टाकणं. मी तो शब्द १,४१० वेळा लिहिला. मुलांच्या ५४० पुस्तकांपैकी ६१ वाचली.

अत्यांच्या ओव्यांची वहीही टेबलाच्या खणात होती. उघडली तर पानापानावर निळे ढग. जेल पेनाची शाई पाण्यात विरघळते. बॉलपेनने लिहिलं असतं तर टिकलं असतं, त्याची शाई तेलकट असते. मी वही अत्यांपुढे धरली आणि मला रडू आलं. त्यांनी दोन पानं उलटली, अक्षर त्यांना आधीही वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "वाटी आण."

ओव्या त्यांनी पुन्हा सांगितल्या. १४० नाही, १६० झाल्या. काही आधीच्या आल्या नाहीत, काही नव्या आल्या, आणि ज्या आल्या त्याही जशाच्या तशा नाहीत. भावाच्या ओवीत नदी शिरली होती. विचारलं, ही आधी नव्हती ना? म्हणाल्या, "आधी पाणी कुठं आलं हुतं?" गाथेच्या गोष्टीत इंद्रायणीइतकीच जागा ज्यांना अभंग तोंडपाठ होते त्या लोकांना आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

आणि मग ते रजिस्टर. घटस्थापनेच्या रात्री घरी नेलेलं, यादी अर्धवट राहिलेलं. ऑक्टोबरच्या मध्यावर, दिवाळी तोंडावर आली असताना, मी ते पुन्हा उघडलं. त्या दिवशी ३१८ पुस्तकं बाहेर होती. ज्यांच्यासाठी मी पावसाळाभर चिडचिड केली, चिठ्ठ्या पाठवल्या, ती. मी एकेका नावापुढे खूण करत घरोघर निघाले, आणि ती येऊ लागली. देव्हाऱ्यामागून, टीव्हीच्या वरून, पुण्याला गेलेल्या पोराच्या बॅगेतून, एक तर तुळजापूरहून, पोरगी आजोळी घेऊन गेली होती म्हणून. ज्यांची घरं बुडाली त्यांच्याकडची काही गेली. पण २८७ परत आली. त्यात मुलांची ९७. कपाटात नीट, वेळेवर, नियमाप्रमाणे जमा केलेल्या ५४० मधली ६१, आणि थकीत १०४ मधली ९७. हे आकडे मी कितीदा तरी मांडून पाहिले.

दिवाळी अंक यंदाही मागवले. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही रीत, आमच्या गावात ती पुरामुळे मोडायला नको, असं सभासदांनीच ठरवलं. कपाटं नव्हती, म्हणून अंक थेट घरी वाटले. मार्चपर्यंत फिरत राहतील. २ नोव्हेंबरच्या रात्री हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून क्रिकेटच्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पाहिला. सांगलीची स्मृती आमची शेजारीण असल्यासारख्या बाया तिच्याशी बोलत होत्या. शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला तेव्हा भिंतीशी रचलेल्या पुस्तकांच्या थप्प्या आनंदाने पाडल्या गेल्या, आणि कोणालाच वाईट वाटलं नाही.

डिसेंबरात लेक आली तेव्हा तिला घेऊन हत्तरसंग कुडलला गेले. सीना तिथे भीमेला मिळते. संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे आणि तिथल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. 'वाछि तो विजेया होईवा.' जो वाचील तो विजयी होईल. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हे वाक्य वाचनालयाच्या दारावर लिहून घेतलं होतं, पुराने त्याचा रंग उतरला. लेकीने बोटाने अक्षरांवरून हवेतच गिरवलं. आम्ही बराच वेळ घाटावर बसलो. नदी संथ होती, काठाच्या बाभळींना अजून उंचावर प्लॅस्टिक आणि कडबा अडकलेला होता. आमच्या पुस्तकांतला गाळ इथूनच पुढे गेला असणार.

गेल्या मंगळवारी मळ्याच्या वस्तीवरची एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात खताच्या गोणीत गुंडाळलेलं काहीतरी. गोणी सोडली, आत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात विज्ञानकथांचं ते पुस्तक, आणि पुस्तकात घडी घातलेली माझी कडक चिठ्ठी.

"ताई, लई उशीर झाला. रस्ताच न्हवता."

मी विचारलं, तुमचं घर तर पाण्यात होतं ना? होतं. पत्र्यापर्यंत. रात्री दोनला शाळेच्या गच्चीवर नेलं सगळ्यांना. हातात एक पिशवी घेता आली, त्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा आणि हे पुस्तक. तिला वाचता येत नाही. पोराने चिठ्ठी वाचून दाखवली होती, किंमत भरून घेतील म्हणून. तेव्हापासून पुस्तक सरकारी कागदांबरोबर पेटीत होतं. "दंड किती झाला?" तिने कनवटीला हात घातला.

मी तिचा हात धरला. मला बोलता येईना. तिला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. मुलगा बाहेर सायकल धरून उभा होता, त्याला आत बोलावलं. आवडलं का विचारलं. तीनदा वाचलं म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "अजून एकदा न्यायचंय."

तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २१ मेचा होता. नवा शिक्का आणला आहे, पॅड अजून कोरडं पडतं, दोनदा दाबावं लागतं. मी २३ डिसेंबर लावला. मुदतीचा रकाना तसाच ठेवला.